निकाल दिसतो, पेपर दिसत नाही

परीक्षेत आपटण्याला मराठीत शब्दांची ददात नाही. मुलगा गचकतो, उडतो, गटांगळ्या खातो, त्याची दांडी गुल होते, तो ऑक्टोबरच्या वारीला लागतो. नशीब बरं असेल तर काठावर पास होतो, नाहीतर मास्तर त्याला वर ढकलतात. इतके शब्द ज्या भाषेत आहेत त्या भाषेने हा अनुभव नुसता सोसलेला नाही, चवीने चघळलेलाही आहे. काही वर्षांपूर्वी राज्य मंडळाने गुणपत्रिकेवरचा ‘नापास’ काढून ‘कौशल्य विकासास पात्र’ असा शेरा आणला. हेतू चांगलाच होता, पण हा शेरा कधी कुणाच्या तोंडी बसेल असं वाटत नाही. ‘गचकला’मध्ये निदान थोडी माया आहे.

पण एक गंमत बघा. पास झालेल्या, तरीही घरात सुतक आणणाऱ्या ६४ टक्क्यांना मराठीत शब्दच नाही. ‘बरे पडले’ म्हणावं तर आवाज खाली येतो. ‘ठीक आहे’ म्हणावं तर ते ठीक नाही हे सगळ्यांना कळतं. आणि आमच्याकडे नेमका हाच निकाल लागतो.

आमच्याकडे म्हणजे बहारीनमधल्या तुबलीत. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला रस्त्यापलीकडे इसा टाउन, मधे भाड्याच्या फ्लॅटांच्या इमारती. सकाळी मुलांच्या बस निघतात, दुपारी परत येतात, संध्याकाळी तीच मुलं शिकवणीला जातात. इथे राहून मला बरीच वर्षं झाली, पण ‘नापास झालेला’ मुलगा किंवा मुलगी मला भेटलेली नाही. भेटतात ती ६४ वाली, ७१ वाली, गणितात ५५ आणि बाकी सगळं ‘छान’ वाली. सीबीएसईचा निकाल दिल्लीहून लागतो आणि आपलं घड्याळ भारताच्या अडीच तास मागे असतं. तिकडे दुपारचा एक वाजलेला असतो तेव्हा इथे साडेदहा. बाबा साइटवर किंवा ऑफिसात, आई आणि मूल घरी, आणि ते पान उघडायच्या आत पुण्याहून मावशीचा फोन: “लागला ना? किती?”

हे ६४ तिकडच्या ६४ पेक्षा जड का असतात, हे भारतातल्या नातेवाइकांना समजावणं अवघड जातं. आपला इथला मुक्काम बाबांच्या नोकरीवर आहे. ती संपली की सगळ्यांचाच व्हिसा संपतो. बहुतेक घरांतून मूल बारावीनंतर भारतात परततं, काही घरांतून दहावीनंतरच आई मुलाला घेऊन पुण्याला किंवा लातूरला जाते आणि बाबा इथे दोन मित्रांबरोबर खोली घेऊन राहतात. एनआयटीसारख्या संस्थांमध्ये ‘डासा’ योजनेत आखातातल्या भारतीयांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा असतात, त्यांचा हिशेब आठवीपासून घरात सुरू झालेला असतो. त्यामुळे गणिताचे गुण म्हणजे घर कुठे राहणार, एकत्र राहणार की नाही, याचा निकाल असतो. तो पंधरा वर्षांच्या मुलीच्या नावावर लागतो. आणि ‘हे सगळं आम्ही कुणासाठी करतोय?’ हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नाही तरी तिला तो ऐकू येतो.

अशा घरातल्या मुलीच्या हाती कुठलं मराठी पुस्तक द्यावं, तिच्याबरोबर बसून कुठला मराठी सिनेमा पाहावा, असा प्रश्न मला मध्यंतरी पडला. परीक्षेतला अपघात हा तर आपला जुना विषय. तेव्हा आठवतील ती पुस्तकं पुन्हा चाळली, सिनेमे पुन्हा पाहिले. या नजरेने पाहिल्यावर त्यातले काही फार थोर वाटत होते ते तितके थोर वाटले नाहीत, आणि एकदोन आधीपेक्षा मोठे झाले.

पु. लं.चं ‘बिगरी ते मॅट्रिक’ प्रत्येक परदेशी मराठी घरात असतंच, कॅसेटच्या काळापासून. ते ऐकून आपण अजून हसतो. पण त्या हसण्यात एक सोय आहे. शाळेची ती सगळी फजिती सांगणारा माणूस पुढे पु. ल. देशपांडे झालेला असतो. मोठं होऊन, नाव कमावून मागे वळून पाहिलं की शाळेतला प्रत्येक शून्य लाडका होतो. ज्या मुलीचा निकाल आज सकाळी लागला आहे तिच्या हाती ते पुढचं आयुष्य अजून आलेलं नाही. तिला हे ऐकवणं म्हणजे ताप आलेल्याला ‘आमच्या वेळी कसले ताप यायचे’ म्हणून सांगणं. मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ मला फार आवडते, पण आणीबाणीच्या दिवसांतलं ते नववीचं वर्ष दहावीच्या उंबरठ्यावर येऊन थांबतं. जिथून आमची गोष्ट सुरू होते तिथे ती संपते. लेखकाने ते जाणूनबुजून केलं असणार, आणि तो त्याचा हक्कच आहे.

मग ‘शिक्षणाच्या आईचा घो’. महेश मांजरेकरांचा हा सिनेमा जानेवारी २०१० मध्ये आला. महाराष्ट्रातून तेव्हा विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या एकामागून एक येत होत्या आणि लोक हादरलेले होते. नावावरून वादही झाला. भरत जाधवने रंगवलेला मधुकर राणे हा साधा कारकून, बायको गेलेली, दोन मुलं. थोरला अभ्यासात कच्चा, क्रिकेटमध्ये चांगला. बापाचा धीर सुटतो, तो मुलावर हात उगारतो आणि मुलगा बेशुद्ध होऊन अंथरुणाला खिळतो. ती चपराक बघताना थिएटरात कुणाला श्वास घेता आला नसेल. भरत जाधवने आयुष्यभर हसवलं, इथे त्याने दाखवलं की हसवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर भीती किती खरी दिसते. पैसे मोजणारा, दर महिन्याच्या शेवटी थोडा थोडा बुडत जाणारा तो बाप आखातातल्या कुठल्याही बापाला ओळखीचा वाटेल. पुढे प्रकाश राजने यावरून तमिळमध्ये ‘धोनी’ काढला, म्हणजे हे दुखणं फक्त आपलं नव्हतं.

पण त्या चपराकीनंतर सिनेमा घराबाहेर पडतो. बापाला वाटतं, दोष शिक्षणपद्धतीचा आहे. तो थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत जातो, आपण टाळ्या वाजवतो. टाळ्या खोट्या नाहीत, पद्धतीत दोष आहेतच. तरी माझी तक्रार दोन गोष्टींबद्दल आहे. एक, मूल स्वतः या सगळ्यात अंथरुणावर आहे. ज्याचा निकाल, त्यालाच बोलता येत नाही, मोठी माणसं त्याच्या वतीने भांडताहेत. दोन, आणि ही जास्त महत्त्वाची, मुलाच्या हातात बॅट आहे. त्याला गणित येत नाही हे आपण पोटात घालतो, कारण तो चेंडू सीमेपार धाडतो. बॅट नसती तर? अभ्यासात साधारण, खेळात साधारण, गाण्यात ‘बरा म्हणतो’ असा मुलगा असता तर सिनेमाने त्याची बाजू कशाच्या जोरावर घेतली असती?

आपल्या सहानुभूतीतली ही खोच एकदा दिसली की सगळीकडे दिसायला लागते. दुसरा एखादा गुण अंगी असेल त्यालाच आपल्या कथांमधून परीक्षेत आपटायची परवानगी आहे. तो गुणही असातसा चालत नाही, त्याचा पहिला नंबर यावा लागतो. म्हणजे एका परीक्षेतून सोडवायचं आणि दुसऱ्या परीक्षेला बसवायचं.

२००७ चा ‘तारे जमीन पर’ हिंदी आहे, पण तो लिहिला अमोल गुप्ते यांनी आणि आपल्या घरांतून तो आपलाच मानला जातो, म्हणून त्याबद्दलही बोलते. त्याचा शेवट चित्रकलेच्या स्पर्धेत होतो. ईशान जिंकतो, आपण रडतो, आणि रडून झाल्यावर आपापल्या मुलाला चित्रकलेच्या वर्गाला घालतो. तुबलीत मी हे प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. पण या सिनेमात एक प्रसंग असा आहे की त्याच्यासाठी मी बाकी सगळं माफ करते. निकुंभ सर ईशानच्या घरी जातात आणि त्याच्या वह्या उघडतात. आईबापांनी त्या वह्यांमध्ये आळस पाहिलेला असतो, आगाऊपणा पाहिलेला असतो. सर चुका वाचतात. कुठलं अक्षर उलटं झालंय, कुठला शब्द एकाच पानावर दोन तऱ्हांनी लिहिलाय, कुठे चूक पुन्हा पुन्हा तशीच येतेय. आपल्या पडद्यावर मुलाचं चुकलेलं लिखाण इतक्या आदराने वाचणारा दुसरा माणूस मला आठवत नाही. वाईट एवढंच की त्या वाचनातून निघतो तो एक आजार, मग त्यावर उपाय, मग स्पर्धा. ज्यांच्या चुकांना नाव नाही त्यांच्या वह्या बंदच राहतात.

हेच मला सांगायचं आहे. आपल्या कथा-कादंबऱ्यांत, सिनेमांत गुणपत्रिका येते. थरथरत्या हातांनी येते, खिशात लपवलेली येते, बापाच्या सहीसाठी येते. उत्तरपत्रिका येत नाही. मुलाने त्या तीन तासांत नेमकं काय लिहिलं, कुठे थांबलं, कुठे खाडाखोड केली, हे कुणी बघत नाही. गुणपत्रिका आईबापांची असते, ती शेजाऱ्यांना सांगता येते आणि मावशीला पाठवता येते. उत्तरपत्रिका मुलाची असते, तिच्यात त्याचं अक्षर असतं. आपली सगळी नाट्यं पहिल्या कागदावर उभी आहेत.

या हिशेबाने पाहिलं तर दोन कलाकृती वेगळ्या उरतात.

पहिली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००२ चा ‘दहावी फ’. गुणांनुसार तुकड्या पाडलेल्या शाळेतली ही शेवटची तुकडी. नावातच निकाल आहे. ‘फ’ हे नुसतं अक्षर, पण वर्षभर ते मुलांच्या कपाळावर असतं. अपमान साठत जातो आणि एक दिवस ही मुलं शाळेच्या प्रयोगशाळेची मोडतोड करतात. इथून हा सिनेमा सहज भाषणबाजीकडे गेला असता. अतुल कुलकर्णीने केलेले सर मात्र मुलांना माफीचं भाषण शिकवत नाहीत आणि पद्धतीविरुद्ध मोर्चाही काढत नाहीत. जे मोडलं त्याची किंमत किती, ती आपण कमावून भरू, या वाटेला ते मुलांना लावतात. मुलं कामाला लागतात.

मला यातली आकड्यांची जागा फार मोलाची वाटते. ज्या मुलांचा आकड्याने अपमान केला त्यांच्याच हाती सर दुसरा आकडा देतात, पण हा आकडा त्यांची लायकी सांगत नाही. एवढं मोडलं, एवढं भरायचं, इतकंच सांगतो. त्याला सुरुवात आहे आणि शेवट आहे. रोज थोडा थोडा तो कमी होतो. मुलांना त्याच्याशी काहीतरी करता येतं. ६४ टक्क्यांशी काय करता येतं? नुसतं त्यांच्याकडे बघत बसता येतं. शिवाय या मुलांपैकी कुणात लपलेला चित्रकार किंवा फलंदाज निघावा लागत नाही. घाम गाळणं, वेळेवर येणं, चार माणसांशी नीट बोलणं, एवढ्यावर सिनेमा त्यांना उभं करतो. दिग्दर्शक जोडीच्या नंतरच्या कामापुढे हा सिनेमा साधा दिसतो, मधे मधे शिकवणही करतो. काही प्रसंग शाळेच्या गॅदरिंगसारखे वाटतात. तरीही आज परत पाहायला मी हाच काढीन, मुलांबरोबर, पॉपकॉर्न घेऊन.

दुसरी ‘कोसला’. भालचंद्र नेमाडे यांची १९६३ ची कादंबरी. ‘परीक्षेतलं अपयश’ या विषयाखाली तिचं नाव घेतलं की नेमाडपंथी मंडळी अंगावर येतील हे माहीत आहे. कोसला अस्तित्वाबद्दल आहे, काळाबद्दल आहे, मृत्यूबद्दल आहे, सगळं मान्य. पण कथानकाचा सांगाडा पाहिला तर काय आहे? खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग बापाच्या पैशांवर पुण्याला शिकायला जातो, हॉस्टेलात राहतो, नको त्या उठाठेवी अंगावर घेतो, खानावळ सांभाळतो, पैसे उधळतो, परीक्षेत आपटतो आणि परत येतो. बाप गावात आहे, बापाचा पैसा आहे, आणि त्याच्याच घरात हात हलवत राहायचं आहे. परगावी पाठवलेलं मूल, पाठवलेली रक्कम आणि न आलेला निकाल. सांगवीच्या जागी तुबली घाला, मनीऑर्डरच्या जागी बँकेचं ॲप घाला, बाकी फारसं बदलावं लागत नाही. फक्त दिशा उलटी होते. इथे मूल गावात, म्हणजे पुण्यात, आणि बाप परगावी.

कोसलात गुणपत्रिकेला किती कमी जागा आहे, हे या वाचनात प्रथम जाणवलं. एवढं मोठं अपयश, पण आकडा लक्षात राहत नाही. लक्षात राहतो तो तपशील. दिवस कसे गेले, पैसे कुठे गेले, कुठला मित्र कधी काय म्हणाला. एक भाग तर सरळ रोजनिशीचा आहे. पांडुरंग स्वतःला माफ करत नाही आणि शिक्षाही करत नाही, तो नुसता सांगत सुटतो, मधेच हसवतो, मधेच धाकट्या बहिणीच्या मरणापाशी येऊन आपल्याला गारठवतो. ती सगळी कादंबरीच त्याची उत्तरपत्रिका आहे. तपासनिसाने मागितली नव्हती, तरी त्याने लिहून दिली. बापाने विचारलेल्या प्रश्नाला, ‘माझ्या पैशांचं काय केलंस?’ या प्रश्नाला, इतकं लांब आणि इतकं प्रामाणिक उत्तर मराठीत दुसऱ्या मुलाने दिलेलं नाही. पण घरातला बाप ते वाचणार नाही. वाचतो आपण. कोसलातलं मला सगळ्यात जास्त टोचणारं दुःख ते आहे.

ती पंधराव्या वर्षी देण्यासारखी आहे का? माझं मत, घाई करू नये. इथल्या मुलांचं मराठी घरगुती असतं, पहिल्या चाळीस पानांत ती दमतील. सुधाकर मराठे यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ‘ककून’ या नावाने आहे, पण ‘वगैरे’ची ती सगळी चाल इंग्रजीत येणं कठीण. खरं तर कोसला वाचायला हवी ती पैसे पाठवणाऱ्यांनी.

आपल्या लेखकांनी हा प्रसंग अजून लिहिलेला नाही, म्हणून मी जो पाहिला तो सांगते. आमच्या इमारतीतल्या एका मुलीला शाळेच्या परीक्षेत गणितात ८० पैकी ४१ पडले. दोन दिवस घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. आईने शिकवणी बदलायची ठरवली, बाबांनी ‘बेसिक’ गणित घेऊ या का म्हणून विचारलं. सीबीएसईने २०२० च्या दहावीपासून गणिताचे स्टँडर्ड आणि बेसिक असे दोन पेपर केले आहेत, पण आखाती घरांतून ‘बेसिक’ हा शब्द हळूच उच्चारतात. पेपर मात्र दप्तरातच होता. बोर्डाच्या परीक्षेतही ठरावीक फी भरून उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येते. लोक मागवतात ती गुण वाढतील का हे बघायला, वाचायला नव्हे.

शुक्रवारी सकाळी ती पेपर घेऊन माझ्याकडे आली. मी गणिताची नव्हे, निदान आकडेमोड तरी येते. आम्ही पहिल्यापासून वाचायला लागलो. बेरजेआधी वजाचं चिन्ह पुढच्या ओळीत उतरवताना राहिलं होतं, एकदा नाही, चार ठिकाणी, आणि चारही वेळा पान उलटल्यावर. त्यात आठ गुण गेले होते. शेवटचा पाच गुणांचा प्रश्न सुरूच केला नव्हता, वेळ संपला होता. त्रिकोणमितीचा एक प्रश्न अर्धवट सोडलेला, त्यावर तिने बोट ठेवलं आणि म्हणाली, “मावशी, हे मला येतच नव्हतं. वर्गात झालं तेव्हा मी भारतात होते, आजीचं ऑपरेशन होतं. नंतर कुणाला विचारलं नाही.” तिच्या आईला हे ठाऊक नव्हतं. खाली बस उभी राहते त्या जागेवरून मुलांचा क्रिकेटचा आवाज येत होता. तिने पेन्सिलीने मागच्या पानावर लिहिलं: चिन्ह ८, वेळ ५, विचारलं नाही ३. बेरीज १६.

अजून २३ शिल्लक आहेत. पुढच्या शुक्रवारी ती परत येणार आहे.